भिंतीपाशी पाच फूट

"रडायचं असेल तर रड गं आई. इथे आपल्याला ओळखणारं कोणी नाही," लेक म्हणाली.

आईने मान वर करून बुरूज पाहिला. अर्धा ढासळलेला, माथ्यावर गवत माजलेलं. पर्यटकांसाठी बाणांच्या पाट्या लावून जुन्या किल्ल्यांची एक वाट आखली होती, तिच्यावरचा हा शेवटचा किल्ला. पडक्या किल्ल्यांची मापं घेऊन नकाशे काढण्यात तिच्या नवऱ्याचा जन्म गेला. हा एवढा एकच बुरूज मोजायचा राहिला, आणि दोन महिन्यांपूर्वी नवराच गेला.

तेव्हापासून आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, भाजीवाल्याशी हुज्जतसुद्धा घालून झाली होती. "आत साचून राहिलं तर आजारी पडतील," असं डॉक्टर म्हणाले आणि लेकीच्या जिवाला घोर लागला. बाबांचा राहिलेला बुरूज पाहिला की बांध फुटेल, या आशेवर तिने आईला इथवर आणलं होतं. आईलाही तो फुटायला हवा होता. पण आत चाचपून बघावं, तर नुसतं बधिर. दाढ काढल्यावर आपलाच गाल दुसऱ्या कोणाचा वाटावा, तसं.

"बरं, फोटो तरी काढू. उभी राहा तिथे."

आई गेली आणि उभी राहिली. पाठ भिंतीला, टाचा जुळलेल्या, हात सरळ, नजर समोर.

"अगं, शाळेत शिक्षा झाल्यासारखी काय उभी राहतेस? हस ना जरा!"

"तुझ्या बाबांना हसलेलं चालायचं नाही. मोजपट्टी कधी हसते का, म्हणायचे."

ती बरोबर पाच फूट भरायची. लग्न झाल्या झाल्या नवऱ्याला याच गोष्टीचा कोण आनंद! फोटो काढायचा म्हटलं की तो तिला भिंतीपाशी उभं करायचा, म्हणजे बघणाऱ्याला उंचीचा अंदाज येतो. मैत्रिणींचे नवरे त्यांना बागेत न्यायचे, हिचा हिला भर उन्हात तटाला टेकवून ठेवायचा. "हलू नकोस," एवढाच काय तो प्रेमालाप. तिने त्यावरून आयुष्यभर त्याचं डोकं खाल्लं, आणि दर वेळी हाक आली की मुकाट्याने जाऊन उभी राहिली.

लेकीने फोटो काढला. आई क्षणभर वाट पाहत राहिली. आत काहीच हललं नाही.

"चल मग, ऊन चढलं," लेक हिरमुसून म्हणाली.

तेवढ्यात मागून सहलीचा एक घोळका आला. गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ पुढे होऊन अदबीने म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? नुसत्या बुरुजाचा फोटो हवाय."

आई जागची हलली नाही. लेकीने येऊन तिचा दंड धरला. "आई, चल ना. थांबलेत ते."

"बाजूला कशी होऊ?" आई म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. "मी नसले, तर हा केवढा उंच आहे ते कळणार कसं?"