भुऱ्याचं माहेर

गोवर्धनने बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडल्या आणि खुंटीला अडकवल्या.

"काहून काढल्या?" मनकर्णाबाईने नवऱ्याला विचारलं.

"कुत्र्याले आनाले जाऊन राहिलो. लेकीले नाही."

दिवाळीच्या आधी मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांची लेक शकुन बाळापूरला सासरी दगावली आणि मागे तिचा कुत्रा भुऱ्या उरला. तो तिच्या चुलीपाशी ठाण मांडून बसलेला. धड खात नाही, कुणा बाईला आत पाऊल टाकू देत नाही. परवा संत्र्याच्या सौद्याला आलेला बाळापूरचा खुशालराव खाली मान घालून सांगून गेला होता, की जावयाचं दुसरं लग्न ठरलंय. नवी सून घरात यायच्या आत कुत्रा न्या, नाहीतर ते त्याला विष घालतील.

आगगाडीने आणायचा तर पेटीत कोंडावा लागणार, आणि भुऱ्याच्या तोंडाशी हात नेणार कोण? म्हणून बैलगाडी. गोवर्धनने अंगणातल्या मातीत काडीने वाट ओढली. कुरूमला मुक्काम, मग मूर्तिजापूर, मग बोरगाव. अकोल्यात फक्त वैरण घ्यायची, की बाळापूर. दर दिवाळीला लेकीला आणायची हीच वाट, त्याला तोंडपाठ होती. तरी बाळापूरपाशी आली की काडी अडायची. आत मांडवाची तयारी चाललेली असणार आणि आपण दारात उभं राहून कुत्रा मागायचा. त्या घरचं पाणीसुद्धा त्याच्या घशाखाली उतरणार नव्हतं.

मनकर्णाबाईने शकुनची वाकळ आणून गाडीत अंथरली.

"हे कायले? मळ्यात बांधीन मी त्याले. डुकरं बाग खनून राहिले, राखनीले कामी येईन. घरात नोको."

दोन दिवस तो ज्याला त्याला हेच सांगत होता.

"माळा घाला," ती म्हणाली. "त्या वाजल्या का तो गाडीजोळ पयत येते. शकुन इकडे निंघाली का नदीपावतर मांगं यायचा."

"आन् मंग तो गाडीत तिले पाहीन. मी काय सांगू त्याले?"

मनकर्णाबाई वाकळीचे कोपरे सारखे करत राहिली. लेक माहेरी आली की इडापिडा टळावी म्हणून उंबऱ्यातच ती तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून लांब टाकायची, आणि गल्लीतली कुत्री तो मटकावून जायची.

"दारात आला का त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळीन," ती हळूच म्हणाली. "उपाशी आये तो. तोच तुकडा टाकीन त्याच्यापुढं."

गोवर्धन ताडकन उठला.

"येडी झाली का वं? ओवाळलेलं कोनी घरच्याले चारते?"

बोलून गेला आणि स्वतःच थबकला. मनकर्णाबाईने तोंडाला पदर लावला.

मग गोवर्धनने खुंटीवरच्या माळा काढल्या. बैलांच्या गळ्यात बांधताना एकही घुंगरू वाजू नये म्हणून त्याने त्या मुठीत घट्ट आवळून धरल्या होत्या.