अडलेली गोळी

जालन्याच्या फायरिंग रेंजवर तृप्तीनं चाप ओढला, पण नुसतं टक् वाजलं. गोळी सुटलीच नाही.

मागून नेमबाजी शिकवणाऱ्या भुजंग उस्तादांनी तिला आडनावानं हाक मारून विचारलं, “काय झालं गं, तीर्थपुरी?”

मोठ्या माणसाकडे पाठ करून बोलायचं नाही, ही तिच्या घरची शिस्त. पोलिसात नवी भरती झालेली तृप्ती अदबीनं वळली. “उस्ताद, गोळी अडकली.” पिस्तूल हातातच होतं, बोटही चापावरच.

रांगेतल्या पोरी धडाधड जमिनीवर पडल्या. तेव्हा तिला उस्तादांचं वर्गातलं बोलणं आठवलं. “नऊ एमएम ही गोळीची जात शंभर वर्षांहून जुनी, साऱ्या जगात चालती. पण एखादी रुसून बसती अन् मंग अचानक सुटती. तवा नळी समोर निशाणाकडंच धरायची.”

आत्ता नळी उस्तादांच्या छातीवर होती.

उस्ताद जागचे हलले नाहीत. चहा मागावा तशा आवाजात म्हणाले, “बोट काढ. हां. आता सावकाश निशाणाकडं वळ.”

ती वळली. जरा वेळ थांबून उस्तादांनी मागून पिस्तूल घेतलं, गोळी काढून वाळूत टाकली. तृप्तीला रडू फुटलं.

“सगळ्या खाली पडल्या. तुम्ही का न्हाई पडले, उस्ताद?”

“मी पडलो असतो तर तू दचकली असती. बोट चापावर होतं तुझं.”

मग त्यांनी तिचा खांदा घट्ट धरला.

“आता बसव मला जल्दी. पायात जीवच न्हाई राह्यला.”