चार भरले ग्लास

ट्रे परत आला तेव्हा चारही ग्लास काठोकाठ होते.

मनकर्णाबाईंना नवल वाटलं नाही. मुलीकडची माणसं घर पाहायला येतात. पसंत पडलं तर सरबत पितात, नाही तर ग्लासाला हात लावत नाहीत. तोंडाने नाही म्हणायची पाळी कोणावरच येत नाही. मोठी सोयीची रीत. नितेश चौतिशीचा झाला होता आणि हा अकरावा ट्रे होता. पोराकडे पाच एकर होतं, हाच त्याचा दोष. कुठल्या ऑफिसात शिपाई असता तर पहिल्याच ट्रेला काम झालं असतं.

बैठकीत मुलीचे मामा, वामनराव, घाम पुसत बसले होते. माणूस खुर्चीत मावत नव्हता. त्यांनी ग्लास उचलला नाही, म्हणून सोबतच्या तिघांनीही उचलला नाही. वडीलधाऱ्याच्या आधी कोण पिणार?

या खेपेला नकार ऐकायचा नाही, आपणच द्यायचा, असं मनकर्णाबाईंनी ठरवलं. पदर सावरून त्या बाहेर आल्या.

"मामा, तुमाले उगाच तरास झाला. आमच्या पोराचं कालच दुसरीकडं जुळलं."

वामनरावांचा रुमाल मानेवरच थांबला. "जुळलं? कुठची हाय पोरगी?"

बाईंना गाव सुचेना. नितेशने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"रिद्धपूरची," तो म्हणाला.

"असं." गुडघ्यांवर हात देत वामनराव उठले. खिशातला घडी केलेला कागद त्यांनी सोबत्याकडे दिला. "ठेव बाबा. लग्नाच्या तारखा काढून आणल्या होत्या म्या. आमच्या प्रणालीले पोरगा पसंत होता." मग मनकर्णाबाईंची समजूत काढत म्हणाले, "सरबताचा राग मानू नका, बाई. डॉक्टरनं गोड पिणं बंद केलं. तीन महिन्यांत नऊ किलो उतरलो. म्हटलं, भाचीच्या लग्नात नाचता तं आलं पाह्यजे."

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं. पण कालच लग्न जुळलेल्या पोराच्या आईने आता काय बोलायचं?

नितेशने हात देऊन मामांना जीपमध्ये चढवलं. गाडी सुरू झाली, तशी वामनरावांनी मान बाहेर काढली.

"पत्रिका पाठवजो रे बाप्पा! इसरू नको!"

"पाठवतो, मामा," नितेश म्हणाला.