चार वाजून दहा मिनिटं

बायको ऊना गेल्याचं फिंटनला कुणाला कळवावंच लागलं नाही. आयर्लंडच्या रिवाजाप्रमाणे त्यानं स्वयंपाकघरातलं घड्याळ थांबवलं, आणि बॉस्टनपासून पर्थपर्यंत नऊशे आयरिश घरांतली घड्याळं त्याच क्षणी थांबली. ती सगळी या घड्याळाला जोडलेली होती, हे तो दुःखात विसरला होता. ऊनानंच ती जोडली होती. गावाकडे चार वाजले की जगभरच्या गाववाल्यांनी एकत्र चहा घ्यावा म्हणून.

थोड्याच वेळात समोरची भिंत विरघळली आणि नऊशे टेबलं त्याच्या टेबलाला येऊन लागली.

दफनानंतर घड्याळ पुन्हा सुरू करायचं असतं. दफन करून आल्यावर फिंटन स्टुलावर चढला आणि तसाच उतरला.

“माझ्यामुळे तुमचा खोळंबा होतोय,” तो ओशाळून म्हणाला.

“कसला खोळंबा?” पर्थची मेव्ह म्हणाली. “चार वाजून दहा मिनिटं झालीत. चहाचीच वेळ आहे. बस तू.”

“फक्त ऊनासारखा पाणचट करू नकोस,” बॉस्टनहून डेक्लन ओरडला.

सगळे हसले. फिंटनही हसला.

आज अठरावा दिवस. ऊनाच्या गोष्टी अजून संपलेल्या नाहीत. घड्याळ सुरू करायचं राहिलंय.