सहावी तार

गंधार कॉफी प्यायला बाहेर गेला आणि रेवाने त्याच्या केबलचा जॅक कचकन कापून टाकला.

यात नियमाबाहेरचं काही नव्हतं बरं का. दक्षिणेतल्या शोळिंगनल्लूरच्या त्या कंपनीत नेटवर्क सपोर्टच्या ट्रेनिंगची शेवटची परीक्षा अशीच असायची. जोडीदाराच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क बिघडवायचं आणि त्याने अर्ध्या तासात बिघाड शोधायचा, मग उलट. जोडीतल्या एकालाच नोकरी, जो लवकर शोधेल त्याला; दुसऱ्याला रामराम. सकाळी गंधारने केलेला बिघाड शोधताना रेवाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वेळ संपता संपता कसाबसा सापडला. गंधार मात्र असले बिघाड हसत हसत शोधायचा. सरळ काही केलं असतं तर नोकरी त्याचीच होती आणि रेवाची गाडी नागपूरची.

केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्यांच्या रंगांचा क्रम ठरलेला असतो. सहावी हिरवी, आठवी तपकिरी. नवा जॅक बसवताना रेवाने या दोघींच्या जागा बदलल्या. जॅक पारदर्शक असतो, बघणाऱ्याला चूक चटकन दिसते. गंधारला ती जन्मात दिसली नसती. त्याला हिरवा आणि तपकिरी एकच. ही गोष्ट त्याने फक्त रेवाला सांगितली होती, आणि गेले तीन महिने ती शेजारी बसून त्याला हळूच रंग सांगत आली होती. कालच मेसमध्ये सांबारभात कालवता कालवता तो म्हणाला होता, "उद्या काय वाट्टेल ते बिघडव, फक्त रंगांना हात लावू नकोस."

"वेडा आहेस का रे?" ती म्हणाली होती. "मी असं करेन?"

केलं की! आणि तेही सफाईने. इतका सुबक जॅक तिने तीन महिन्यांत बसवला नव्हता.

गंधार आला. ट्रेनर चंद्रमौळी सरांनी तार तपासायचा टेस्टर आणि जादा केबली कपाटात ठेवून कुलूप लावलं. सर तंजावरकडचे मराठी, त्यामुळे बोलण्यात अर्धं तमिळ. "कस्टमरच्या घरात काय काय मिळणार पा?" ते म्हणाले. "डोळे आहेत ना? बस्स. सुरू कर."

नेटवर्कचा दिवा काही लागेना. गंधारने सेटिंग तपासलं, कॉम्प्युटर उघडून कार्ड काढून परत बसवलं, सगळ्या केबली जिथे येऊन जोडतात त्या स्विचची पोर्टं एकेक करून पाहिली. एसीत बसूनही त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळायला लागला. सर फोनवर बोलत दाराशी गेले, तसा त्याने केबलचा जॅक बोटांत फिरवला आणि रेवाकडे झुकला.

"रेवा, केबल नाही ना गं?"

रेवाने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "नाही रे. शब्द दिलाय ना तुला?"

"सॉरी," तो ओशाळून म्हणाला. आपण हिच्यावर संशय घेतला याची त्याला लाज वाटली. त्याने केबल खाली ठेवली आणि परत सेटिंग बघायला लागला.

वेळ संपली. ज्याला बिघाड सापडला नाही त्याला तो दाखवायचा नाही, अशी सरांची पद्धत होती. त्यांनी नुसता हात पुढे केला. गंधारने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्या हातावर ठेवलं आणि सॅक आणायला निघून गेला.

मग सरांनी केबल उचलली आणि जॅक उजेडात धरला. त्यांना एक नजर पुरली.

"त्याला कलर दिसत नाही," ते म्हणाले. "मला पहिल्या आठवड्यापासून माहीत. तुला पण माहीत होतं, ना मा?"

रेवा टेबलावरचा पसारा आवरायला लागली.

"सेरी, सेरी, ठीक आहे. घाबरू नको. कलर न दिसणारा मला नको होता, म्हणून मी मुद्दाम तुमची जोडी लावली. सोमवारी जॉइन कर."

तिला लाज वाटली का? वाटली. पण नोकरी मिळाल्याच्या आनंदाने जिना उतरताना तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते, आणि त्या आनंदापुढे लाज फार टिकली नाही.

गंधार खाली बसस्टॉपवर उभा होता. रडून आल्यासारखा दिसत होता, पण तिला बघून हसला. "अभिनंदन! आता तरी सांग, काय केलं होतंस?"

रेवाला क्षणभरही विचार करावा लागला नाही. "स्विचवर स्पीडचं सेटिंग बदललं होतं."

"स्पीड!" त्याने कपाळावर हात मारला. "अरे यार! पोर्ट बघितलं आणि स्पीड नाही बघितला. कसला गाढव आहे मी." मग जरा थांबून तो म्हणाला, "पण खरं सांगू? तू होतीस म्हणून निदान माझी लढाई तरी झाली. दुसरं कुणी असतं ना, तर सरळ रंगच फिरवले असते."

"हो ना," रेवा म्हणाली, आणि त्याची बस येताना दिसली तसा तिने ती थांबवायला हात वर केला.