पाया पक्का हवा

"एमबीए करता करता फायनान्सचं सर्टिफिकेटही काढलंत? तिन्ही परीक्षा पास?" खानविलकर साहेबांनी मुलाखतीत विचारलं. कॉलेजातला प्लेसमेंटचा शेवटचा दिवस होता आणि वर्गात बिननोकरीचा मी एकटाच उरलो होतो.

"हो सर. पहिल्याच प्रयत्नात."

साहेबांनी उठून दार लावलं. "मग सांगा, व्याजदर वाढला की बाँडची किंमत का पडते?"

मी सांगू लागलो. ते लिहून घेऊ लागले. "जरा सावकाश सांगा ना, सर," ते म्हणाले.

मग कळलं, साहेब त्याच सर्टिफिकेटच्या तीनपैकी दुसऱ्या परीक्षेत दरवर्षी नापास होतात.

"सोमवारपासून या. पद अ‍ॅनालिस्टचं, काम माझी शिकवणी. मी पास झालो की तुमची नोकरी संपली."

सोमवारी रुजू झालो. साहेबांचा पाया पक्का हवा, म्हणून सध्या बेरीज शिकवतोय.