पांघरूण

अ‍ॅबरडीनच्या थंडीत क्रीट बेटावरची गलात्सीदा जगवणारे आपण एकटेच, असं फर्गस येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. हिवाळाभर तो त्या पालेभाजीवर जुनी घोंगडी घालायचा, पानं कोवळी राहावीत म्हणून कळ्या खुडायचा. सामायिक बागेतल्या शेजारच्या तुकड्यावर म्हाताऱ्या एफीने माजू दिलेल्या पिवळ्या फुलांच्या डँडेलियनचा मात्र त्याला भारी राग. "बाईंच्या तणाचं बी साऱ्या बागेत उडतंय," अशी तक्रार त्यानेच केली आणि बागेच्या कमिटीने एफीचा तुकडा काढून घेतला.

ती निरोप घ्यायला आली, तेव्हा फर्गसने मोठ्या मनाने घोंगडी उचलून तिला एक पान दिलं. "चाखा एफीबाई. तिसरा हिवाळा काढलाय हिने!"

एफीने पान चावलं. "तुझी भाजी पहिल्याच हिवाळ्यात गेली रे. हे माझंच डँडेलियन."

फर्गसला मान वर करवेना. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कोंब दिसला म्हणून तू नाचत होतास. माझी जीभ रेटेना." तिने घोंगडी पुन्हा नीट पांघरून ठेवली. "कळ्या मात्र आठवणीने खुडत जा. फुललं, तर तुझाही तुकडा जाईल."